‘फ्रेंच रेस्टॉरंट’ शोधूच नका

नाशिकहून एका ताईंचं पत्र आलं आहे. लांब आहे, म्हणून मुद्द्यापुरतं देते.

“सप्टेंबरमध्ये मी, माझे यजमान आणि माझी मोठी जाऊ असे तिघं फ्रान्सला चाललो आहोत. बारा दिवस आहेत. पॅरिस, ल्यों आणि कोल्मार ठरलंय. आठ वर्षांपूर्वी टूर कंपनीबरोबर पॅरिस पाहिलं, पण तिन्ही दिवस दोन्ही वेळा पनीर आणि जिरा राइस. या वेळी तिथली जुनी, घरगुती खानावळ पाहायची आहे, जिथे तिथलीच माणसं जेवतात. पण नेटवर ‘फ्रेंच रेस्टॉरंट’ शोधलं की शेकडो नावं येतात आणि सगळ्यांनाच साडेचार तारे. यातलं खरं कुठलं, हे ओळखायचं कसं? जाऊबाई शाकाहारी आहेत, अंडं चालतं. यजमान चिकन आणि मासे खातात, बीफ-पोर्क नाही. फ्रेंच कुणालाच येत नाही. आत गेलो आणि काही कळलंच नाही तर, अशी धाकधूक आहे. तुम्ही तिथे राहून आलात, म्हणून विचारते.”

ताई, तुमची अडचण तुम्ही नेटवर टाकलेल्या त्या दोन शब्दांपासूनच सुरू होते. ‘फ्रेंच रेस्टॉरंट’ असं फ्रान्समध्ये कुणी शोधत नाही. तुम्ही नाशिकमध्ये कधी ‘भारतीय जेवण कुठे मिळेल’ असं विचारलंय का? मिसळ कुठली चांगली, थाळी कुणाकडची, असं विचारता. तिथेही तसंच आहे. प्रत्येक प्रांताच्या खानावळीला स्वतःचं नाव आहे, आणि त्या नावामागे कुणीतरी भुकेली माणसं आहेत, ज्यांच्यासाठी ती पहिल्यांदा उघडली. ते नाव माहीत असलं की शेकड्यांतली वीस-पंचवीसच उरतात. तुमच्या तीन गावांसाठी शब्द सांगते: पॅरिसला ‘बुयों’, ल्योंला ‘बुशों’, कोल्मारच्या बाजूला ‘विनश्टुब’ आणि डोंगरात ‘फेर्म-ओबेर्ज’. घरातल्या कुणाकडून तरी ही नावं फ्रेंच स्पेलिंगने फोनमध्ये लिहून घ्या आणि नकाशावर तीच टाका.

ल्योंपासून सुरू करते, कारण माझा जीव तिथे आहे. क्रुआ-रूस नावाच्या टेकडीवर आम्ही चार वर्षं राहिलो. आमच्या भाड्याच्या खोलीचं छत चार मीटर उंच होतं. सुरुवातीला वाटलं, काय ही ऐसपैस बांधणी. मग कळलं की ती माणसांसाठी नव्हतीच, जाकारच्या, म्हणजे नक्षी विणणाऱ्या, उंच मागांसाठी होती. एकोणिसाव्या शतकात या टेकडीवर रेशीम विणणारे राहत. त्यांना कान्यू म्हणत. पहाटे उजाडायच्या आधी माग सुरू व्हायचा, त्यामुळे नऊच्या सुमारास पोटात आग पडायची. त्या वेळी ते जे भरपेट खात, म्हणजे डुकराच्या मांसाचे थंड प्रकार, पाव, चीज आणि बोजोले वाइन, त्याला ‘माशों’ म्हणतात. ही न्याहारी आजही काही बुशोंमध्ये सकाळी मिळते. बुशों म्हणजे अशा कष्टकऱ्यांना पोटभर घालणारी छोटी, अंधारी, लाकडी बाकांची खानावळ. जुन्या सराईच्या दारावर गवताची किंवा डहाळ्यांची पेंढी टांगत, त्या पेंढीवरून हे नाव आलं असं मानतात. (आजच्या फ्रेंचमध्ये त्याच शब्दाचा अर्थ बाटलीचं बूचही होतो आणि वाहतुकीची कोंडीही. महामार्गाच्या पाटीवर तो दिसला तर जेवण जवळ आलं असं समजू नका.)

या खानावळींच्या जेवणाला आजची चव दिली ती बायकांनी. श्रीमंतांच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या बायका ती नोकरी सुटल्यावर स्वतःची चूल मांडून बसल्या, आणि ल्योंने त्यांना ‘मेर’, म्हणजे आई, म्हटलं. त्यांतल्या युजेनी ब्राझिए यांची गोष्ट मला फार प्रिय आहे. १८९५ मध्ये शेतकऱ्याच्या घरी जन्म, १९२१ मध्ये ल्योंच्या र्‍यू रॉयालवर छोटीशी खानावळ, पुढे शहराबाहेर दुसरी, आणि १९३३ मध्ये त्या दोन्ही ठिकाणांना मिशलँ गाइडचे (टायर कंपनीच्या, खानावळींना तारे देणाऱ्या पुस्तकाचे) तीन-तीन तारे. पुढे जगभर गाजलेले पॉल बोक्यूज तरुणपणी त्यांच्याच स्वयंपाकघरात राबले. ताई, तुम्हाला जी ‘घरगुती खानावळ’ हवी आहे ना, तिचा उगम तिथल्या घरांतच आहे, हे मुद्दाम सांगितलं.

आता ओळखायची कशी? लाल-पांढऱ्या चौकटींचे टेबलक्लॉथ, भिंतीवर तांब्याची भांडी, दारात वाइनचं पिंप, यांवर जाऊ नका. हे सगळं बाजारात विकत मिळतं. जुन्या ल्योंच्या दगडी गल्ल्यांत निम्म्या दारांवर ‘बुशों’ लिहिलेलं असतं, आणि ते लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. म्हणूनच २०१२ पासून शहरात ‘ले बुशों ल्योने’ नावाचा एक शिक्का दिला जातो. जागेची, पदार्थांची आणि मालाची पाहणी करून. तो दाराशी लावलेला असतो आणि त्याची यादीही मिळते. शिक्का नसलेली उत्तम ठिकाणंही आहेत, पण नवख्या माणसाने यादीपासून सुरुवात करावी.

माझा पहिला आठवडा सांगते. दुपारी अडीचची वेळ, पोटात कावळे ओरडत होते. एका गल्लीत दारातला माणूस हसून इंग्रजीत आत बोलवत होता, बाहेर सहा भाषांतलं, फोटो लावलेलं मेन्यूकार्ड. मी आत गेले. कनेल मागवली. ती वरून करपलेली आणि आत बर्फासारखी थंड आली. कनेल म्हणजे ल्योंचा मानबिंदू: पाइक नावाचा नदीतला मासा, अंडी, लोणी, पीठ घोटून केलेला लांबट गोळा, भट्टीत फुगून दुप्पट होतो, वर छोट्या गोड्या पाण्यातल्या झिंग्यांचा नांत्युआ सॉस. तो गोळा फुगलेलाच असताना टेबलावर यावा लागतो. ज्या स्वयंपाकघरात माणूस भट्टीपाशी उभा नाही, तिथे ते जमतच नाही. दुसऱ्या दिवशी बाजारातल्या चीजवालीला मी तोडक्यामोडक्या फ्रेंचमध्ये हे सांगितलं. ती रागावली, माझ्यावर नाही, त्या खानावळीवर. मग तिने कागदावर एक नाव लिहून दिलं आणि वर वेळ लिहिली: सव्वाबारा. ती वेळ तिने का लिहिली, हे मला नंतर उमगलं.

वेळ ही तिथली अर्धी ओळख आहे, ताई. आपल्याकडे हॉटेल सकाळी उघडतं आणि रात्री बंद होतं. तिथल्या जुन्या खानावळीत दुपारचं जेवण बारा ते दोन, रात्रीचं सात-साडेसातपासून पुढे. दोन वाजून गेले की शेगडी बंद. दुपारी साडेतीनला दार उघडं ठेवून पूर्ण जेवण वाढणारी जागा बहुधा पर्यटकांसाठी असते. याला अपवाद ब्रासरी. तो शब्द मुळात दारूभट्टीचा, बिअर गाळणाऱ्या जागेचा. १८७१ मध्ये अल्सास, म्हणजे कोल्मारचा प्रांत, जर्मनीकडे गेल्यावर तिथली पुष्कळ माणसं पॅरिसला आली आणि त्यांनी बिअर आणि शुक्रूत, म्हणजे आंबवलेला कोबी, वाढणाऱ्या या ब्रासरी भरभराटीला आणल्या. त्या दिवसभर चालू असतात. पाटीवर ‘सेर्व्हिस कोंतिन्यू’ लिहिलं असेल तर केव्हाही जा. गाडी चुकली, संग्रहालयात उशीर झाला, तर ब्रासरी. एरवी बारा-सव्वाबाराला टेबलावर असा.

वारही बघा. रविवारी संध्याकाळी आणि सोमवारी पुष्कळ ठिकाणी कुलूप असतं. ल्योंच्या कितीतरी बुशों शनिवार-रविवार बंद असतात, कारण त्यांचं गिऱ्हाईक आठवडाभर काम करणारं आहे. म्हणून ल्यों मंगळवार ते शुक्रवार यांत बसवा आणि रविवार दुपार अल्साससाठी ठेवा. सप्टेंबर निवडलात हे बरं केलंत. ऑगस्टमध्ये अर्धा देश सुट्टीवर असतो आणि चांगल्या खानावळींच्या दारावर ‘कोंजे आन्युएल’, वार्षिक सुट्टी, असा कागद चिकटवलेला असतो.

आणि दुपारचंच जेवण मोठं करा, रात्रीचं नाही. दुपारी खडूने फळ्यावर लिहिलेला ‘प्ला द्यु जूर’, म्हणजे आजचा पदार्थ, असतो. त्याच्याबरोबर सुरुवातीचा किंवा शेवटचा पदार्थ घेतला की त्याला ‘फॉर्म्यूल’ म्हणतात. स्वयंपाकघर तेच, आचारी तोच, पण साध्या ठिकाणी दुपारी २० युरोंच्या आसपास भागतं ते रात्री भागत नाही. हा फळाच तुमचा खरा मार्गदर्शक आहे. रोज पुसून लिहिलेला फळा म्हणजे आज सकाळी कुणीतरी बाजारात जाऊन आलं. नकाशावरच्या ठिकाणांना किती तारे आहेत ते बाजूला ठेवा आणि लोकांनी टाकलेले फळ्याचे फोटो बघा, तारखांसकट. मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये तोच फळा दिसत असेल तर तो रंगवलेला आहे, लिहिलेला नाही. पदार्थांची संख्याही मोजा. चार सुरुवातीचे, पाच मुख्य, चार गोड, एवढंच छोट्या स्वयंपाकघरात ताजं निघू शकतं. पिझ्झा, सुशी आणि कनेल एकाच कार्डावर असेल तर पुढे चला.

दोन सरकारी खुणाही लक्षात ठेवा. एक, भांड्यावर झाकणाऐवजी घराचं छप्पर असलेलं चित्र, ‘फे मेझों’, म्हणजे इथेच बनवलेलं. २०१४ पासून ते कायद्याने ठरलेलं आहे: पदार्थ तिथल्याच स्वयंपाकघरात, कच्च्या मालापासून केलेला असला पाहिजे. कच्चा माल गोठवलेला असला तरी चालतो, पाव आणि चीज बाहेरून आणलेलं चालतं, पण तयार पदार्थ गरम करून वाढलेला चालत नाही. दुसरी, ‘मेत्र रेस्तोरातर’, म्हणजे निष्णात खानावळवाला, ही पाटी. २००७ पासून सरकार देतं, तपासणी करून, ठरावीक वर्षांसाठी. मिशलँचे तारे तुमच्या कामाचे नाहीत. त्यांचाच ‘बिब गुरमाँ’ म्हणून एक वेगळा शिक्का आहे, बेताच्या पैशांत चांगलं जेवण देणाऱ्यांसाठी. ओठ चाटणाऱ्या टायरवाल्या बाहुल्याचं तोंड, ही त्याची खूण. ती यादी त्यांच्या अॅपवर फुकट दिसते. तीही उपयोगी पडेल, फक्त त्यातली काही ठिकाणं नव्या पद्धतीची असतात, तुम्हाला हवी तशी जुनी नसतात.

पॅरिसला एक ‘बुयों’ नक्की करा. बुयों म्हणजे मांसाचं गरम पातळ सूप. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर द्युव्हाल नावाच्या खाटकाने बाजारातल्या हमालांना स्वस्तात ते पाजायला सुरुवात केली आणि त्यावरून अशा मोठ्या, स्वस्त, भरभर वाढणाऱ्या खानावळींची पद्धत पडली. त्यांतली ‘बुयों शार्तिए’ १८९६ पासून त्याच जागी आहे, फोबूर मोंमार्त्रवर, एका अंगणाच्या आत. १९८९ पासून ती सरकारी संरक्षित वास्तू आहे. उंच काचेचं छत, पितळी रॅक, आणि भिंतीत छोटे क्रमांक घातलेले खण: रोजचे गिऱ्हाईक आपला रुमाल त्यात ठेवून जात. काळ्या जाकिटातला वाढपी तुमची ऑर्डर टेबलावरच्या कागदावरच लिहितो आणि शेवटी तिथेच बेरीज मांडतो. अनोळखी माणसांशेजारी बसवतात, गडबड असते, निवांतपणाची अपेक्षा ठेवू नका. पदार्थ अगदी साधे: उकडलेलं अंडं आणि मेयोनेज, व्हिनेगर घातलेले कांदापातीच्या जातीचे लीक, किसलेलं गाजर. तिथे आधी टेबल राखायची गरज नाही, रांग लावायची, आणि खानावळ दुपारभर चालू असते.

बिस्त्रो हा शब्दही पॅरिसला फार ऐकाल. मालक स्वतः गल्ल्याशी उभा असलेली छोटी जागा, एवढाच त्याचा अर्थ. १८१४ मध्ये रशियन सैनिक ‘लवकर, लवकर’ म्हणायचे म्हणून हे नाव पडलं, असं मार्गदर्शक हमखास सांगतात. छापील फ्रेंचमध्ये तो शब्द त्यानंतर सत्तर वर्षांनी दिसतो, तेव्हा त्या गोष्टीवर माझा विश्वास नाही.

आता वहिनींचं, म्हणजे तुमच्या जाऊबाईंचं. त्यांच्यासाठी मी सर्वांत जास्त विचार केला, कारण तुम्ही दोघं जेवत असताना त्या सॅलड चिवडत बसल्या तर तुम्हालाही घास गोड लागणार नाही. खरं सांगते, ल्योंची बुशों शाकाहाऱ्याला अवघड आहे. तिथली परंपरा डुकराच्या आतड्यांची आणि गाईच्या पोटाची आहे. ‘आंदुयेत’ आणि ‘ताब्लिये द सापर’ ही नावं दिसली की तुम्हीही थांबा. पण वाट आहे. ‘सेर्व्हेल द कान्यू’ मागवा. नावाचा अर्थ विणकराचा मेंदू, पण आहे ताजं मऊ चीज, त्यात लसणीसारख्या वासाची पात, बारीक कांदा, व्हिनेगर, मिरी. आपल्या चक्क्यात कोथिंबीर-मिरची घातल्यासारखं. बटाट्याचे काप सायीत भाजलेलं ‘ग्रातँ दोफिनुआ’ घ्या. ‘सालाद ल्योनेज’ मध्ये कवच फोडून गरम पाण्यात शिजवलेलं अंडं असतं, फक्त ‘सां लार्दों’ म्हणा, म्हणजे डुकराच्या मांसाचे तुकडे नकोत. ‘कनेल नात्यूर’ नावाची बिनमाशाचीही कनेल मिळते, पण सॉस झिंग्यांचा नाही ना हे विचारा. आणि हे सगळं आदल्या दिवशी फोन करून सांगा. आयत्या वेळी चिडणारा आचारी आधी कळवलं तर आनंदाने करतो, हे मी कितीदा पाहिलंय.

‘शाकाहारी’ हा शब्द मात्र वापरू नका. त्याच्या अर्थात मासा बसतो असं समजणारे जुने लोक आहेत, आणि कांद्याच्या सूपला गाईच्या हाडांचा अर्क लागतो हे ते सांगणारही नाहीत. हे वाक्य म्हणा: ‘झ न माँझ नी व्यांद, नी प्वासों’, मी मांसही खात नाही आणि मासाही नाही. मग ‘लेझ अ, वी’, अंडी चालतात. हॉटेलच्या काउंटरवर हे फ्रेंचमध्ये कार्डावर लिहून घ्या आणि वहिनींच्या पर्समध्ये ठेवा. चीजविषयीही त्यांना आधीच सांगून ठेवा: तिथली पुष्कळ पारंपरिक चीजं वासराच्या जठरातल्या विरजणाने लावतात. त्यांना ते चालतं का, हे घरीच ठरवा, टेबलावर नको.

त्यांच्यासाठी एक जेवण पूर्णपणे त्यांचं असू द्या. पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनजवळ ब्रेताञ प्रांतातल्या खानावळी, क्रेपरी, ओळीने आहेत. ब्रेताञहून येणाऱ्या गाड्या त्याच स्टेशनात थांबतात आणि कामाच्या शोधात आलेली माणसं तिथेच आजूबाजूला राहिली. तिथे मैद्याचं गोड क्रेप मिळतंच, पण मागवायचं ते ‘गालेत’. ते कुट्टूच्या पिठाचं असतं. हो, आपल्या उपासाचा कुट्टू! पातळ, जाळीदार, कडेला कुरकुरीत, रंगाने राखाडी-तपकिरी. तव्यावर धिरड्यासारखं पसरून आत अंडं, चीज, मश्रूम घालून चौकोनी दुमडतात. ‘कोंप्लेत’ नावाच्यात हॅम असतं, म्हणून ‘सां जांबों’ म्हणा. तव्यावरची ती बाई लाकडी दांडीने पीठ फिरवताना बघायला वहिनींना फार आवडेल, काउंटरजवळचं टेबल मागा.

यजमानांसाठी काही शब्द. ‘बफ’ म्हणजे बीफ आणि ‘व्हो’ म्हणजे वासरू. ‘पोर’, ‘जांबों’, ‘लार्दों’, ‘सोसिसों’ ही सगळी डुकराची. ‘पुले’ कोंबडी, ‘व्होलाय’ कोंबडी-बदकांसारखे पाळीव पक्षी, ‘कानार’ बदक, ‘अञो’ कोकरू, ‘लापँ’ ससा, ‘प्वासों’ मासा. बदक घेतलंत तर ते आत गुलाबी ठेवतात. तसं नको असेल तर ‘ब्यँ क्वी’, नीट शिजवलेलं, म्हणा. ल्योंला ब्रेस भागातली कोंबडी सायीच्या सॉसमध्ये मिळाली तर सोडू नका.

कोल्मारला शहरात विनश्टुब बघा. शब्दाचा अर्थ वाइनची खोली. बुटकं छत, लाकडी भिंती, टाइल लावलेली शेगडी. वहिनींना ‘फ्लामकुशं’ घ्या: पापडासारखी पातळ पोळी, वर ताजं चीज, साय आणि कांदा, पेटलेल्या भट्टीत दोन मिनिटं. पावाची भट्टी किती तापली हे बघायला आधी ही पोळी टाकत. इथेही ‘सां लार्दों’. बऱ्याच ठिकाणी ती रात्रीच मिळते.

पण माझं मन त्या डोंगरातल्या फेर्म-ओबेर्जवर आहे. व्होज पर्वतात, मुन्स्टरच्या दरीवर, उन्हाळ्यात गाई चरायला नेणारे गोपाळ आहेत. त्यांच्याच गोठ्याशेजारी जेवणाची खोली असते. जे वाढायचं ते बहुतांशी त्यांच्याच शेतातलं, दुभत्यातलं. तिथलं ठरलेलं जेवण ‘रपा मार्केर’, गोपाळांचं जेवण: मांस भरलेली टूर्त, कांदा आणि मांसाबरोबर तासन् तास मंद शिजवलेले बटाटे, धुरावलेलं डुकराचं मांस, मग मुन्स्टर चीज शहाजिऱ्याबरोबर आणि शेवटी जांभळट ब्लूबेरीची टार्ट. ऐकूनच कळलं असेल, यात वहिनींना आणि यजमानांना अख्खं ताट चालणार नाही. तरी जा. फोनवर आधी सांगितलं तर ऑम्लेट, बटाटे, चीज, टार्ट देतात, आणि त्या घरच्या लोण्यावर, त्या चीजवर माणूस तृप्त होतो. कोल्मारहून मुन्स्टरपर्यंत छोटी रेल्वे जाते, पण वर चढायला गाडीच लागेल. रविवारपुरती भाड्याने घ्या. टेबल राखल्याशिवाय वर जाऊ नका.

आत गेल्यावरची धाकधूक म्हणाल, तर ती तीन गोष्टींनी संपते. दारातच, कुणी विचारायच्या आधी, ‘बोंझूर’ म्हणा. तो नमस्कार आहे. तो न करता थेट ‘टेबल आहे का’ विचारणं त्यांना उद्धट वाटतं, आणि तुम्हाला जे फ्रेंच माणसांचं तुसडेपण वाटतं ते बहुतेक वेळा इथूनच सुरू होतं. मग ‘नू सोम त्र्वा’, आम्ही तिघं आहोत, आणि ते बसवतील तिथे बसा, स्वतः टेबल धरू नका. दुसरं, ‘मेन्यू’ म्हणजे तिथे ठरलेल्या किमतीचं पूर्ण जेवण. पदार्थांची यादी हवी तर ‘ला कार्त’ मागा. ‘आँत्रे’ म्हणजे सुरुवातीचा पदार्थ. पाणी ‘ऊन काराफ दो’ म्हणून मागा, नळाचं पाणी आणि पाव जेवणाबरोबर फुकट असतो. किमतीत सेवेचे पैसे धरलेलेच असतात, बक्षीस द्यायची सक्ती नाही. तिसरं, बिल कुणी आणून ठेवणार नाही. ताटं उचलली, कॉफी झाली, तरी शांतता. हे दुर्लक्ष नाही, टेबल तुमचं आहे असा त्याचा अर्थ. उठायचं तेव्हा ‘लादिस्यों, सिल व्हू प्ले’.

एक आपली सवय तेवढी जपून. आपण सगळे पदार्थ मधोमध ठेवून वाटून खातो. छोट्या खानावळीत प्रत्येकाने आपापला मुख्य पदार्थ घ्यावा अशी अपेक्षा असते. तिघांत एक मागवला तर मालकाचं नुकसान होतं. घास एकमेकांना चाखवायला हरकत नाही. गोडाचं मात्र कुणी मनावर घेत नाही. ल्योंला जेवणाच्या शेवटी ‘तार्त ओ प्रालीन’ येईल, साखरेत घोळवलेल्या बदामांची, भडक गुलाबी. ती इतकी गोड असते की एका माणसाला संपत नाही. एकच मागवा, आणि तीन चमचे.